संध्याकाळपर्यंत पुरेल असा आवाज

सासूबाईंचा आवाज गेला, तेव्हा शेजारच्या वहिनींनी सुनेला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "एका परीनं तुझं बरंच झालं गं. घर कसं शांत."

सुनेनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "वहिनी, शांत घरात नळ ठिबकला तरी कुणीतरी भांडतंय असं वाटतं. मला माझं भांडण परत हवंय."

ते घर आवाजावरच उभं होतं. सासूबाई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायच्या. स्थानकाच्या मधोमध काचेची खोली, काचेला ओंजळीएवढी खिडकी, खिडकीमागे त्या आणि त्यांच्यासमोर माइक. गाडी कुठली, फलाट कुठला, राहिलेली छत्री कुणाची, रडणारं मूल कुणाचं, सगळं त्या एका गळ्यातून स्थानकभर जायचं. सगळे त्यांना खिडकीकाकू म्हणत. घोषणा इतकी सरळ आणि एका मापाची, की नवखे प्रवासी म्हणायचे, ही बाई नाही, मशीन आहे. घरी आल्यावर मात्र त्याच गळ्याला पाय फुटायचे. भांडी पुसता पुसता वेळापत्रकाला चाल लागायची:

पहिली गाडी पहाटेची, दुधाच्या किटल्यांची,
दुसरी गाडी शाळेची, वेण्यांची, दप्तरांची,
तिसरी गाडी बाजाराची, टोपल्या-गाठोड्यांची…

शेवटची ओळ रोज निराळी. ती ऐकायला सून ओट्याशी रेंगाळायची आणि वर म्हणायची, "आई, तुमच्या गाण्यापायी माझं दूध उतू गेलं."

मग घशात गाठ निघाली. गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं. आता श्वास गळ्यावरच्या छोट्या छिद्रातून यायचा-जायचा, आणि त्यावर मऊ सुती रुमालाचा पडदा असायचा. डॉक्टर म्हणाले, जखम पूर्ण भरली की पुढचं बघू, तोवर लिहून बोला. सासूबाईंनी पाटी आणि खडू मागवला. पाटीवरचं बोलणं बघणाऱ्यापुरतंच. पाठमोऱ्या माणसाला पाटी हाक मारत नाही.

एके दिवशी स्थानकाचे साहेब घरी आले. खुर्चीच्या कडेला बसले, दिलेलं पाणी हातातच धरून ठेवलं.

"काकू, जागा तुमचीच आहे. पण खिडकी म्हणजे बोलणं आलं. आणि समोरचा माणूस घाईत असतो, त्याचा चष्मा पिशवीत असतो, तो पाटी कधी वाचणार? टाइप केलं की बोलणारं काहीतरी मिळतं म्हणे. ते घेऊन या. येत्या सोमवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून बघा. निभलं, तर खिडकी तुमची. मध्येच बंद पडलं आणि कुणाची गाडी चुकली, तर मलाही वर उत्तर द्यावं लागतं. मग पार्सलच्या खोलीत बसा. तिथं कुणाशी बोलावंच लागत नाही."

शेवटचं वाक्य ते फार मायेनं बोलले. सासूबाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि साहेबांनी मान वळवायच्या आत पुसून टाकलं. फक्त सुनेनं वाचलं. लिहिलं होतं, "तिथं मी मुकी होईन."

त्या दिवसापासून घरात एकच वाद रंगला, लॅपटॉप की हातातलं काहीतरी.

मुलगा लॅपटॉपच्या बाजूचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि मध्येच अडकणाऱ्या वस्तूंवर त्याचा जन्माचा राग. "बॅटरी बघ केवढी आहे," तो म्हणाला. "फोनची बॅटरी म्हणजे बिस्किट."

"पडदा बघ केवढा आहे," सून म्हणाली. "मोठं पोट, मोठी भूक. माझा लॅपटॉप दुपारी जेवायला बसतो तो वायर लावूनच." ती सुतारांसाठी स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची, दिवसभर लॅपटॉपसमोर. त्याचे स्वभाव तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

"मग खिडकीतही वायर लावू."

सासूबाईंनी पाटी वर धरली. "केबिनमध्ये एकच प्लग. तो माइकचा. त्याला हात लावू देत नाहीत."

मुलानं खिशात मावणारी जादा बॅटरी आणली, दोरीला अडकवून आईच्या गळ्यात घालायला गेला. त्यांनी त्याचा हात धरला आणि हळूच खाली केला. गळ्यावरच्या रुमालाला दोरी लागत होती. फलाटावर उठून जावं लागतं, वाकावं लागतं, कुणाचं गाठोडं उचलून द्यावं लागतं. गळ्याशी कसलीही वायर नको, एवढं त्यांनी पाटीवर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. विषय संपला.

तेव्हा ठरलं, घरीच परीक्षा घ्यायची. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती. तिच्यामागे सासूबाई स्टुलावर बसल्या, पुढ्यात सुनेचा लॅपटॉप. मुलगा प्रवासी झाला, डोक्याला टॉवेल बांधून.

"ओ बाई, माझ्या गावची गाडी कुठं लागते?"

सासूबाईंची बोटं भराभर चालली. स्थानकाची पत्रकं त्या वर्षानुवर्षं टाइप करत आल्या होत्या. लॅपटॉपमधून एका अनोळखी बाईचा आवाज आला, सपाट, इस्त्री केलेला. "कुठलं गाव?"

"माझंच. सगळ्यांना माहीत आहे."

"मला तुमची आईसुद्धा माहीत आहे. गावाचं नाव सांगा."

सून हसत सुटली. मुलगा टॉवेल सोडून हसला. सासूबाई हसल्या तेव्हा रुमाल फुगला आणि परत बसला. त्यांचं हसू आता तिथं दिसायचं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी कुणालातरी टोमणा मारला होता.

"मशीन तुमच्यासारखं बोलतंय," सून म्हणाली.

"लोक मला मशीन म्हणायचे. फिटंफाट झाली," लॅपटॉप म्हणाला.

लॅपटॉपचा आवाज मोठा, बटणं ऐसपैस. पण दुपार कलायच्या आतच यंत्रानं "फलाट" एवढं म्हटलं आणि कुठला ते न सांगता डोळे मिटले. शिवाय मांडीवर इतका तापला, की सासूबाईंना पदर दुमडून खाली घ्यावा लागला. परत सुरू व्हायलाही त्याला वेळ हवा. तेवढ्यात गाडी वळणापार जाते.

दुसऱ्या दिवशी सुनेचा जुना फोन. हलका, तळहातात बसणारा, हाकेसरशी जागा होणारा. पण अक्षरं मोहरीएवढी, आवाज डासासारखा. त्याची बॅटरी दिवसभर चालते असा त्याचा लौकिक. सुनेला कामावरून दुपारी फोन करून विचारायची सोय नव्हती, उचलून बोलणार कोण? संध्याकाळी घरी आली तर फोन काळा आणि सासूबाई पाटी घेऊन बसलेल्या.

"मी म्हटलं होतं, बिस्किट," मुलगा म्हणाला.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून चार दिवसांच्या बोलीवर एक टॅब आणला, वहीच्या निम्म्या आकाराचा. "हा उद्या दुपारपर्यंत बंद पडायचा नाही," दुकानदार म्हणाला. त्या दिवशी तोही चहाच्या वेळेला गेला.

आता मात्र घर गप्प झालं. सोमवार जवळ येत होता. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, एक वर्ष पार्सलच्या खोलीत काढलंस, तर काय बिघडतं? डॉक्टर पुढं काहीतरी करतीलच." सासूबाईंनी पाटी घेतलीच नाही. ताट उचललं आणि धुवायला गेल्या. भांड्यांना तेवढा आवाज होता.

सुनेला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सुतारांना सांगितलं, आज आराखडे घरून पाठवते. टॅब रात्रभर भरलेला, सकाळी ताजा. तिनं सासूबाईंना काही कळू दिलं नाही. आपला लॅपटॉप उघडून बाहेरच्या खोलीत बसली आणि एक डोळा त्यांच्यावर ठेवला.

सासूबाई त्या सकाळी फारशा बोलल्याच नाहीत. भाजी निवडली, टॅब शेजारी. कपडे वाळत घातले, टॅब खिडकीच्या कट्ट्यावर. झाडांना पाणी घातलं, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात टॅब. पडदा लखलखीत, बॅटरीचं दिवाळं निघेल इतका उजळ. आणि तो जरा मंदावायला लागला, की सासूबाईंचं बोट जायचं आणि त्याला हळूच शिवून यायचं. बोलायचं काही नसायचं. झोपेत कुशी बदलणाऱ्या बाळाला आई न बघताच थोपटते, तसं ते बोट जायचं. तो मंदावला की थोपट. मंदावला की थोपट. लसूण सोलता सोलता थोपट.

सुनेला कळलं. तीनही यंत्रं बिचारी बोलून दमली नव्हती. त्यांना कुणी डोळा लागू दिला नव्हता.

ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. रागवायला नाही. लसणाची एक पाकळी घेतली आणि सोलायला लागली.

"आई, याला झोपू का देत नाही?"

सासूबाई दचकल्या. मग टॅब मांडीवर घेतला. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं मोठं बोलणं त्या सपाट आवाजात आलं.

"केबिनमध्ये माइक सुरू असला की लाल दिवा लागतो. दिवा विझला की मी कितीही ओरडले तरी कुणाला ऐकू जात नाही. एवढी वर्षं माझी नजर त्या दिव्यावर. दिवा आहे तोवर मी आहे."

"हा दिवा नव्हे, आई. हा नुसता—"

बोटं थांबली नव्हती.

"ऑपरेशन झाल्यावर तू तुझा फोन माझ्या उशाशी ठेवून घरी गेलीस. अंघोळ करून येते म्हणालीस. तू गेल्यावर माझा श्वास अडकला. बेलची दोरी खाटेखाली गेली होती. फोन घेतला तर काळा. दाबला तर कुलूप. ते कुलूप कसं उघडायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईंनी बघितलं म्हणून निभलं. तेव्हापासून काळा पडदा बघितला, की माझा गळा आवळतो."

सपाट आवाजाला कशाचंच काही नव्हतं. त्यानं हे सगळं पाच नंबरच्या फलाटाच्या घोषणेसारखं सांगितलं. सुनेच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तिनं सासूबाईंचा हात घेतला, लसणाच्या वासाचा, आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"तुम्ही हे पाटीवर कधी लिहिलं नाहीत," ती म्हणाली.

"एवढं पाटीवर मावत नाही."

सुनेनं डोळे पुसले आणि टॅब मागितला. आधी त्याचं कुलूप काढून टाकलं, कायमचं. उजेड निम्म्यावर आणला. मग तो परत त्यांच्या हातात दिला.

"आता एक वाक्य लिहा. अर्धंच. बोलायला लावू नका."

सासूबाईंनी लिहिलं, "माझी सून फार".

"थांबा. पुढचं नको. आता याला खाली ठेवा आणि शिवू नका."

पडदा मंदावला. सासूबाईंचं बोट उठलं. सुनेनं ते आपल्या मुठीत धरलं. पडदा अजून मंदावला. विझला. काळ्या काचेत दोघींचे चेहरे दिसायला लागले, एक वाकलेला, एक घाबरलेला. सासूबाईंच्या गळ्यावरचा रुमाल भराभर हलत होता.

"मोजू नका. नुसत्या बसा. मी आहे इथं."

थोड्या वेळानं सुनेनं मूठ सोडली. "आता शिवा."

बोट टेकलं. काच उजळली. आणि तिथं, जिथं सोडलं होतं तिथंच, "माझी सून फार" उभं होतं, शाळा सुटल्यावर पायरीवर वाट बघत बसलेल्या मुलासारखं.

सासूबाईंनी तीनदा तसं करून पाहिलं. विझू द्यायचा, बसायचं, शिवायचं. तीनही वेळा वाक्य जागेवर. चौथ्यांदा त्यांनी तो विझू दिला आणि उठून उरलेल्या झाडांना पाणी घालायला गेल्या. एकट्याच. दोन्ही हात मोकळे.

परत येऊन त्यांनी वाक्य पुरं केलं. टॅब बोलला, "माझी सून फार मीठ घालते."

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा टॅब अजून जिवंत होता आणि त्याचं भरपूर बोलूनही झालं होतं. त्यानं बॅटरीचा आकडा बघितला, टॅब उलटा करून बघितला, कुठं काही नवं बसवलंय का.

"काय केलंत याला?"

"झोपायला शिकवलं," सून म्हणाली.

आवाजाचा प्रश्न मात्र उरला होता. टॅबचा आवाज फोनपेक्षा बरा, तरी लॅपटॉपपुढं चिमणीचा. मुलगा छोटे स्पीकर शोधायला लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला थांबवलं. "माझ्यासमोर माइक आहे, विसरलास का? तोंडाच्या जागी हा धरीन." एवढं साधं. मग वाटण्या झाल्या: बाहेरचं बोलणं हातातल्या टॅबवर, घरातलं लांबलचक बोलणं वायर लावून बसलेल्या लॅपटॉपवर. मुलगा आणि सून, दोघंही आपणच जिंकलो असं समजून झोपले.

सोमवारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, नवा रुमाल बांधून गेल्या. जाताना सुनेला म्हणाल्या, "येऊ नकोस. मला बघायला कुणी आलं की माझे फलाट चुकतात."

सून आली नाही. म्हणजे दुपार होईपर्यंत आली नाही. तिनं त्या सकाळी एका स्वयंपाकघराच्या आराखड्यात शेगडीच्या जागी दार काढलं. सुतार म्हणाला, ताई, आज राहू दे. उन्हं उतरायला लागल्यावर तिनं हिरवी पिशवी खांद्याला लावली आणि स्थानकाकडे निघाली, भाजी घ्यायची म्हणून. स्थानकाजवळ भाजी मिळत नव्हती.

स्थानकात गर्दी होती. धुराचा आणि भिजलेल्या फरशीचा वास. ती खांबाआड उभी राहिली. काचेच्या खोलीत सासूबाई ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, आणि समोर माइकला टेकवलेला टॅब काळा होता.

सुनेला वाटलं, गेला. दिवस बुडायचा होता आणि हा गेला. आता साहेब येतील, मायेनं बोलतील, आणि आई उद्यापासून पार्सलांमध्ये बसतील, दोरीनं बांधलेल्या खोक्यांमध्ये, दोरीनं बांधल्यासारख्या. ती पुढं व्हायला निघाली, काय करायला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात एक माणूस खिडकीशी आला, खांद्यावर झोपलेली मुलगी, दुसऱ्या हातात ट्रंक. त्यानं वाकून काहीतरी विचारलं. सासूबाईंनी मान हलवली आणि बोटानं टॅबला शिवलं, जराही घाई न करता. काच उजळली. बोटं चालली. "तुमची गाडी फलाट तीनवर. अजून अवकाश आहे. मुलीला बाकावर निजवा, मी सांगेन." माणूस निघून गेला. सासूबाईंनी हात मांडीवर घेतले. पडदा मंदावला, विझला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो मेला नव्हता. विसावला होता.

सून खांबाला टेकली आणि मग तिला रडू आलं, आवाज न करता, खांदे हलवत. किती वेळ ते तिला कळलं नाही. वरच्या कर्ण्यातून नेहमीची घंटा वाजली आणि तो सपाट, इस्त्रीचा आवाज स्थानकभर पसरला.

"कृपया लक्ष द्या. हिरवी पिशवी घेऊन खांबाआड रडत असलेल्या बाईंनी चौकशीच्या खिडकीशी यावं. त्यांच्या सासूबाई सापडल्या आहेत."

सगळं स्थानक वळून हिरवी पिशवी शोधायला लागलं. एक कंडक्टर हसला. चहावाल्यानं सुनेला बोटानं खिडकीची दिशा दाखवली, जणू तिला ठाऊकच नाही. ती नाक पुसत खिडकीशी गेली.

"येऊ नकोस म्हटलं होतं," टॅब म्हणाला. या वेळी माइक बंद होता.

"भाजी घ्यायला आले होते."

"इथं भाजी मिळत नाही."

"आता कळलं."

साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे होते. घोषणा त्यांनीही ऐकली होती. ते आले, खिडकीच्या कट्ट्यावर बोटं वाजवली. "काकू, माइकवर घरगुती घोषणा करायची नसते, नियम आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "उद्या नेहमीच्या वेळेला या."

घरी परतल्या तेव्हा टॅबमध्ये अजून थोडी बॅटरी शिल्लक होती. सासूबाईंनी ती मुळीच वाचवली नाही. चपला काढता काढता दिवसभराचं सांगितलं, साहेबांच्या नियमाची टर उडवली, मुलाच्या टॉवेलाची आठवण काढली, भाजी का आणली नाही म्हणून सुनेला दोनदा बोलल्या. सून प्रत्येक वाक्याला उलट बोलली. जिन्यातून जाणाऱ्या शेजारच्या वहिनी दाराशी जरा थबकल्या आणि हसून पुढं गेल्या.

मग भांडी पुसताना सासूबाईंनी टॅब ओट्यावर टेकवला आणि लिहिलं. सपाट आवाज, चाल नसलेला, म्हणाला:

"पहिली गाडी पहाटेची, दुधाच्या किटल्यांची. दुसरी गाडी शाळेची, वेण्यांची, दप्तरांची."

सुनेनं पातेलं पुसता पुसता त्याला खालच्या आवाजात चाल लावली, अंदाजानंच. तिला गाता येत नव्हतं. सासूबाईंनी डोळे मिटून मान डोलावली. मग पुढं लिहिलं, "शेवटची गाडी घराची," आणि थांबल्या. ओट्यावर दूध वर यायला लागलं होतं.

त्या दुधाकडे वळल्या. मागे पडदा मंदावला आणि विझला. सुनेनं त्याला शिवलं नाही. तिनं पुढचं पातेलं घेतलं. ओळ कुठंही जाणार नव्हती.